ॲन आर्बरचे शनिवार

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या गावाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या आसपास भरली. त्याच गावातल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात १,०७,६०१ माणसं बसतात. म्हणजे तान्ह्या बाळांसकट सगळं गाव उठून मैदानात जाऊन बसलं, तरी बाहेर फार थोडे उरतील. हंगामात सात-आठ शनिवारी हे मैदान भरतं. ८ नोव्हेंबर १९७५ पासून, करोनाच्या साथीतलं प्रेक्षकांविना गेलेलं वर्ष सोडलं, तर इथल्या प्रत्येक सामन्याला एक लाखाहून जास्त लोक आले आहेत.

या गर्दीचं कोडं असं, की मैदानात खेळणारी मुलं कायमची नसतात. ती अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची विद्यार्थी असतात. चार-पाच वर्षांत पदवी घेऊन किंवा व्यावसायिक संघाचं बोलावणं आलं म्हणून निघून जातात. प्रशिक्षकही आज आहेत, उद्या नाहीत. टिकतो तो प्रेक्षक. आणि तुम्ही इथं कधीपासून येता असं त्याला विचारलं, तर उत्तर बहुधा बालपणात जाऊन पोहोचतं: वडिलांनी आणलं, आजोबांनी आणलं, शेजारच्यांकडे एक तिकीट उरलं होतं. महाविद्यालयीन फुटबॉलचा दीडशे वर्षांचा इतिहास सहसा खेळाडूंच्या आणि प्रशिक्षकांच्या नावानं लिहिला जातो. बाकावर बसलेल्या लहान मुलाच्या बाजूनं तो वाचला तर जास्त उलगडतो, कारण ही प्रथा त्या मुलामुळे टिकली आणि त्याला तिथवर आणण्यासाठी अनेकांनी विचारपूर्वक खटपट केली.

आधी खेळाविषयी थोडं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार भिडतात तो फुटबॉल हा नव्हे. इथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो मुख्यतः हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा. शंभर यार्डांचं मैदान, अकरा-अकरा खेळाडू, डोक्यावर हेल्मेट. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं; जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यातच मोठी माणसं लहानांना खेळ समजावून सांगतात.

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत सामना झाला, तिथून हा इतिहास मोजतात. प्रत्येक बाजूला पंचवीस जण, चेंडू गोल, तो हातात घेऊन पळायला मनाई. रटगर्सनं ६-४ असा विजय मिळवला. पाहायला आलेले शंभरेक लोक होते. पुढं १८७४ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डशी खेळायला आला आणि त्याच्याकडून हार्वर्डच्या मुलांनी रग्बीची पद्धत उचलली. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला येलच्या वॉल्टर कॅम्प यांनी अकरा खेळाडूंचा संघ, चेंडू एकाच बाजूच्या ताब्यात ठेवून खेळ सुरू करण्याची रीत आणि ठरावीक प्रयत्नांत ठरावीक यार्ड हे नियम रुजवले. आजचा खेळ त्या नियमांवर उभा आहे.

मिशिगन विद्यापीठाचा पहिला सामना झाला ३० मे १८७९ रोजी, शिकागोत, विस्कॉन्सिनमधल्या रेसीन कॉलेजशी. मिशिगनचा पहिला टचडाउन नोंदवणारा विद्यार्थी होता अर्व्हिंग पाँड. तो पुढं नामांकित वास्तुविशारद झाला आणि आपल्या भावासह त्यानं ॲन आर्बरमधली ‘मिशिगन युनियन’ ही विद्यार्थ्यांची भव्य इमारत उभारली. त्या पिढीत खेळ हा अभ्यासाच्या कडेनं चालणारा छंद होता. प्रशिक्षक नव्हता, पगार नव्हते, बसायला धड बाकं नव्हती.

हे चित्र पालटलं १९०१ मध्ये. वेस्ट व्हर्जिनियातला फील्डिंग योस्ट हा कायद्याचा पदवीधर प्रशिक्षक म्हणून आला आणि पहिल्याच हंगामात त्याच्या संघानं अकरा सामन्यांत ५५० गुण केले, प्रतिस्पर्ध्यांना एकही करू दिला नाही. त्यातला शेवटचा सामना १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनात झाला. तिथं स्टॅनफर्डचा ४९-० असा पाडाव झाला आणि वेळ शिल्लक असतानाच स्टॅनफर्डनं खेळ थांबवण्याची विनंती केली. नववर्षदिनाच्या ‘रोझ बोल’ सामन्याची परंपरा त्या दिवसापासून सुरू झाली.

योस्टच्या काळात खेळाला गोष्टी चिकटू लागल्या, आणि मुलांना गोष्टी लागतातच. १९०३ मध्ये संघ मिनेसोटाला गेला तेव्हा तिथल्या पाण्यावर विश्वास नको म्हणून योस्टनं एक चिनी मातीचा मोठा जग विकत आणवला. किंमत तीस सेंट. सामना ६-६ असा बरोबरीत सुटला, प्रेक्षक मैदानात घुसले, आणि गडबडीत जग तिथंच राहिला. मिनेसोटाच्या लोकांनी तो परत द्यायचं नाकारलं: हवा असेल तर जिंकून न्या. तेव्हापासून तो जग दोन विद्यापीठांमधल्या विजयाचं चिन्ह झाला. आजही त्यावर प्रत्येक सामन्याचा निकाल रंगवला जातो आणि जिंकलेला संघ तो डोक्यावर घेऊन नाचतो.

योस्टच्या याच सुरुवातीच्या वर्षांत खेळ बंद पडण्याची वेळ आली होती, हेही सांगायला हवं. हेल्मेटची सक्ती नव्हती, एकमेकांत हात गुंतवून घोळक्यानं तुटून पडणं हाच डावपेच होता. १९०५ च्या एका हंगामात देशभरात डझनाहून जास्त तरुण या खेळात दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ मध्ये नियम बदलले: चेंडू पुढं फेकायला परवानगी मिळाली, गर्दी फुटली, खेळ मोकळा झाला. आज विद्यापीठीय खेळांचा सगळा कारभार पाहणारी एनसीएए ही संस्था त्याच खळबळीतून निघाली. चेंडू आकाशातून जाऊ लागला म्हणून लांबच्या बाकावरच्या प्रेक्षकालाही खेळ दिसू लागला. मोठी मैदानं बांधण्यात अर्थ आला तो त्यामुळेच.

पहिल्या महायुद्धानंतर ती मैदानं धडाधड उभी राहिली. येलनं १९१४ मध्येच सत्तर हजारांचं वाडग्यासारखं मैदान, ‘येल बोल’, खणलं होतं. १९२२ मध्ये कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठाचं घोड्याच्या नालाच्या आकाराचं मैदान आलं. योस्ट तेव्हा मिशिगनचा क्रीडासंचालक होता आणि त्याचं जुनं फेरी फील्ड चाळीस-पंचेचाळीस हजारांवर हात टेकत होतं. त्यानं नव्या मैदानाचा हट्ट धरला. प्राध्यापकांपैकी अनेकांना तो पटला नाही. विद्यापीठ शिकवण्यासाठी आहे, तमाशासाठी नाही, असा त्यांचा आक्षेप होता. अखेर नेमलेल्या समितीनं मैदानाला होकार दिला, पण त्याचबरोबर सामान्य विद्यार्थ्यांच्या खेळासाठीही सोयी करा असं बजावलं. योस्टनं ते पाळलं. १९२८ मध्ये सर्व विद्यार्थ्यांसाठी क्रीडाभवन उभं राहिलं, पुढं गोल्फचं मैदानही झालं.

पैसा कुठून आणला, हा या गोष्टीतला सगळ्यात वाचनीय भाग. राज्याच्या तिजोरीला हात न लावता पाचशे डॉलरचे तीन हजार कर्जरोखे काढले गेले. व्याज तीन टक्के, पण रोखा घेणाऱ्याला खरं आकर्षण वेगळं होतं: पुढची दहा वर्षं मैदानाच्या मधल्या भागातली तिकिटं विकत घेण्याचा हक्क. मैदानातली जागा घराची झाली. बाकावरचे तेच क्रमांक, शेजारी तीच कुटुंबं, आणि वर्षागणिक मोठी होत जाणारी मुलं. योस्टच्या लक्षात आलेलं मर्म हे होतं. एका सामन्याचं तिकीट विकण्यापेक्षा एका कुटुंबाची दहा वर्षं बांधून घेणं त्याला महत्त्वाचं वाटलं.

जागा निवडली ती एका खोलगट, पाणथळ जमिनीची. जमिनीखाली झरे होते, काम चालू असताना पाणी उपसून उपसून मजूर हैराण झाले. एक यंत्र तिथंच रुतून अजून गाडलेलं आहे अशी दंतकथा गावात सांगतात. मैदानाचा जवळपास तीनचतुर्थांश भाग जमिनीखाली गेला. १ ऑक्टोबर १९२७ रोजी ओहायो वेस्लियनविरुद्ध पहिला सामना झाला आणि २२ ऑक्टोबरला ओहायो स्टेटविरुद्ध रीतसर उद्‍घाटन. त्या दिवशी लाकडी बाकांची भर घालून ८४,४०१ माणसं बसवली होती. मिशिगननं सामना २१-० असा जिंकला. योस्टनं पाया असा घालून घेतला होता, की पुढं लाखावर माणसं बसवण्यासाठी वर मजले चढवता यावेत. लोकांनी तेव्हा हे वेड समजलं. १९५६ मध्ये क्षमता १,०१,००१ झाली. त्यातली शेवटची एक जागा माजी प्रशिक्षक आणि क्रीडासंचालक फ्रिट्झ क्रायस्लर यांच्या मानाची, आणि ती नेमकी कुठली हे कुणालाच ठाऊक नाही.

खड्ड्यात बांधल्यामुळे या मैदानाचा एक वेगळाच परिणाम होतो. रस्त्यावरून ते फारसं उंच दिसत नाही. आठ वर्षांच्या मुलाला तर आधी काहीच दिसत नाही. दिसतात ते पुढच्यांचे कोट, पिशव्या, निळ्या-पिवळ्या टोप्या. दरवाजातून आत शिरून काँक्रीटच्या बोळातून चार पावलं टाकली, की एकदम पायाखालची जमीन संपते आणि हिरवं मैदान खोल तळाशी, सर्व बाजूंनी माणसांनी वेढलेलं असं दिसतं. इथं वर चढून बसायचं नसतं, बहुतेकांना खाली उतरायचं असतं. खुर्च्या नाहीत, लांबच लांब सलग बाकं आहेत, त्यावर नंबर टाकलेले. थंडीत जाड कपडे घालून लोक आले की तेवढ्याच बाकावर जागा कमी पडते, मग मूल मोठ्यांच्या मध्ये चेपून बसतं. चेंडू गोलरेषेजवळ आला की सगळे उभे राहतात. मुलाला बाकावर उभं करतात, तेव्हा कुठं त्याची नजर मोठ्यांच्या खांद्यापर्यंत पोहोचते.

उद्‍घाटनाच्या वर्षी मुलांना आणखी एक नवल पाहायला मिळालं. मिशिगनच्या संघाला ‘वुल्व्हरीन’ म्हणतात. तो अस्वलासारखा दिसणारा, आकारानं लहान पण अतिशय आक्रमक प्राणी. योस्टनं डेट्रॉइटच्या प्राणिसंग्रहालयातून दोन जिवंत वुल्व्हरीन मागवून पिंजऱ्यातून मैदानात फिरवले. प्राणी लवकरच इतके हिंस्र झाले की हा प्रयोग गुंडाळावा लागला.

मैदानाइतकंच महत्त्वाचं ठरलं ते रेडिओचं आगमन. १९२४ च्या शरद ऋतूत डेट्रॉइटच्या डब्ल्यूडब्ल्यूजे केंद्रावरून टाय टायसन यांनी ॲन आर्बरहून सामन्याचं धावतं वर्णन केलं. घरबसल्या ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढेल, अशी योस्टला धास्ती होती. झालं उलटंच. वर्णन ऐकून लोकांची मागणी वाढली. शेतावरच्या, कारखान्याच्या वस्तीतल्या, कधीही विद्यापीठाची पायरी न चढलेल्या घरांतली मुलं आता त्या संघाला आपला म्हणू लागली. वडील फोर्डच्या कारखान्यात पाळीवर आणि मुलगा रेडिओजवळ कान लावून, असं दृश्य दक्षिण मिशिगनमध्ये पुढची कित्येक वर्षं घरोघर दिसायचं.

त्या मुलांपैकी सगळ्यांना मैदान सारखंच आपलं वाटत होतं का? २० ऑक्टोबर १९३४ चा दिवस या प्रश्नाचं उत्तर देतो. विलिस वॉर्ड हा डेट्रॉइटचा कृष्णवर्णीय खेळाडू मिशिगनच्या संघातला कणा होता. धावपटू म्हणूनही त्याचं नाव होतं. १८९० च्या दशकारंभी जॉर्ज ज्युएट खेळला होता, त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं मिशिगनच्या फुटबॉल संघात मानाचं स्थान मिळवणारा वॉर्ड हा पहिलाच कृष्णवर्णीय. जॉर्जिया टेकचा संघ ॲन आर्बरला यायचा होता. वॉर्ड मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही, असं दक्षिणेतून कळवण्यात आलं. विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम काढली, निदर्शनं केली. विद्यापीठानं मान तुकवली. वॉर्डला बाहेर ठेवलं गेलं, आणि हिशेब बरोबर करायला जॉर्जिया टेकनं आपला एक खेळाडू बसवला.

संघातला वॉर्डचा जवळचा मित्र होता जेराल्ड फोर्ड, पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. त्यानं खेळणं सोडून द्यायचा विचार केला. वॉर्डनंच त्याला खेळायला लावलं. सामना मिशिगननं ९-२ असा जिंकला, त्या हंगामातला तो एकमेव विजय. वॉर्ड पुढं वकील झाला, न्यायाधीश झाला. फोर्ड ती गोष्ट विसरला नाही. १९९९ मध्ये विद्यापीठांतल्या प्रवेशात वंशाचा विचार करावा का, यावरचा वाद पेटला तेव्हा त्यानं वृत्तपत्रात लेख लिहून वॉर्डवरच्या अन्यायाची आठवण करून दिली. २०१२ मध्ये मिशिगन राज्याच्या सिनेटनं २० ऑक्टोबर हा विलिस वॉर्ड दिन म्हणून जाहीर केला. घडल्यापासून कबुलीपर्यंत अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली. त्या दिवशी आठ वर्षांचं असलेलं पोर तेव्हा शहाऐंशी वर्षांचं झालं असेल.

या मैदानाच्या परिसरातलं सगळ्यात प्रसिद्ध छायाचित्र मात्र सामन्याचं नाही, आणि त्यात एकही खेळाडू नाही. १९५० मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकानं आल्फ्रेड आयझेनस्टाट यांना मिशिगनच्या बँडवर छायाचित्रं काढायला पाठवलं. महायुद्ध संपल्याच्या आनंदात टाइम्स स्क्वेअरमध्ये चुंबन घेणाऱ्या खलाशाचं चित्र टिपणारे हेच ते आयझेनस्टाट. बँडचा ड्रम मेजर मोकळ्या मैदानात एकटा सराव करत होता: मान मागं टाकलेली, पाठीची कमान, पाय गुडघ्यातून उंच. एक लहान मुलगा त्याच्यामागं धावत सुटला, त्याच्यामागं आसपास खेळणारी प्राध्यापकांची मुलं, आणि त्या सगळ्यांच्या मागं कॅमेरा घेऊन छायाचित्रकार. चित्रात पोरं ओळीनं, छाती काढून, पाय झेपेल तितका उचलत चालली आहेत. एकाचाही पाय दुसऱ्याशी जुळत नाही, पण ऐट सगळ्यांची सारखी. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची छायाचित्रं काढल्यावर आयझेनस्टाट यांनी त्यांना भेट दिली ती याच चित्राची प्रत.

बँड ही मुलांना खेळाआधी समजणारी गोष्ट. डावपेच कळायला दोन-तीन हंगाम लागतात. ढोल लगेच कळतो. मिशिगनचं विजयगीत ‘द व्हिक्टर्स’ १८९८ मध्ये लुई एल्बेल या विद्यार्थ्यानं रचलं, शिकागो विद्यापीठाला १२-११ असं हरवल्याच्या आनंदात. १९३५ पासून विल्यम रेव्हेली हे कडक शिस्तीचे बँडप्रमुख होते. त्यांनी १९४९ मध्ये ‘बँड डे’ सुरू केला. राज्यातल्या शाळांचे बँड एका शनिवारी मैदानात बोलवायचे आणि मध्यंतरात सगळ्यांनी मिळून वाजवायचं. लहान गावातली, शेतीवाडीतली मुलं गणवेशात, हातात तुतारी घेऊन, त्या खोल मैदानात उतरली. पुढच्या काळात अशा मुलांची संख्या हजारांत गेली. मुलींना विद्यापीठाच्या बँडमध्ये प्रवेश मिळायला मात्र १९७२ उजाडलं.

साठच्या दशकात गर्दी ओसरली होती. ओहायो स्टेट आणि मिशिगन स्टेट हे दोन संघ आले तर मैदान भरायचं, एरवी हजारो बाकं रिकामी. १९६८ मध्ये क्रीडासंचालक झालेले डॉन कॅनहॅम हे मूळचे धावपटूंचे प्रशिक्षक आणि स्वतःचा व्यवसाय उभा केलेले गृहस्थ. त्यांनी पुरुष प्रेक्षकांच्या पलीकडे पाहिलं. लाखो पत्रकं घरोघर टपालानं धाडली, त्यात सामन्याच्या डावपेचांपेक्षा शरदातली पानं, बँड, डिकी उघडून गाडीपाठी मांडलेलं जेवण, असा सबंध कुटुंबाचा शनिवार होता. विमानामागं जाहिरातीचा फलक बांधून तो बेसबॉलच्या प्रेक्षकांवरून फिरवला. विद्यापीठाच्या चिन्हाच्या टोप्या आणि सदरे विकायला काढले. खेळाचा बाजार झाला, ही टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली. पण आईवडिलांच्या बरोबर मुलं आली आणि पुन्हा येत राहिली, ही गोष्टही खरी.

त्यांना साथ मिळाली एका सामन्याची. २२ नोव्हेंबर १९६९. सलग बावीस सामने जिंकून आलेला, देशात पहिल्या क्रमांकाचा ओहायो स्टेट. आदल्या वर्षी याच संघानं मिशिगनला ५०-१४ असं धुतलं होतं. त्यांचे प्रशिक्षक वूडी हेज, आणि मिशिगनकडे पहिल्याच वर्षात असलेले बो शेमबेकलर, जे एकेकाळी हेज यांचेच खेळाडू आणि साहाय्यक. १,०३,५८८ प्रेक्षकांसमोर मिशिगननं पहिल्या अर्ध्यात २४-१२ अशी आघाडी घेतली. दुसऱ्या अर्ध्यात कुणालाच एक गुणही करता आला नाही. शेवटची शिट्टी झाली आणि लोक मैदानात उतरले. मिशिगनमध्ये आज साठीत असलेल्या पुष्कळ माणसांची फुटबॉलची पहिली लख्ख आठवण त्या दुपारची आहे.

ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांच्यासाठी बॉब यूफर होते. १९४५ ते १९८१ अशी छत्तीस वर्षं त्यांनी रेडिओवरून सामने सांगितले. निःपक्षपातीपणाचा आव त्यांनी कधी आणला नाही. टचडाउन झाला की ते भोंगा वाजवत. तो भोंगा जनरल पॅटन यांच्या जीपवरचा, पॅटन यांच्या पुतण्यानं दिलेला. गाड्यांच्या गॅरेजात, सफरचंदांच्या बागेत, स्वयंपाकघरात तो भोंगा ऐकत एक पिढी वाढली.

सामन्याच्या दिवशी गावाचा व्यवहारही मुलांच्या नजरेत भरणारा असतो. मैदानासमोरच्या पायोनियर हायस्कूलचं आवार आणि शेजारचा गोल्फ क्लब गाड्यांनी भरून जातो, त्यातून शाळेला चार पैसे मिळतात. आसपासची घरं आपल्या हिरवळीवर गाड्या लावू देतात. घरातली मुलं पुठ्ठ्यावर दर लिहून रस्त्याच्या कडेला उभी राहतात, आणि सामन्याची वेळ जवळ येईल तसा दर पुसून नवा लिहितात.

या गर्दीत आता मराठी घरंही आहेत. मोटार उद्योगामुळे डेट्रॉइट परिसरात इंजिनिअर मंडळी गेली, स्थिरावली. त्यांची पुढची पिढी राज्याचं विद्यापीठ म्हणून ॲन आर्बरलाच शिकायला गेली. पुण्या-मुंबईहून एम.एस.साठी जाणारी मुलं आहेत ती वेगळीच. क्रिकेटवर वाढलेल्या आईवडिलांना चार प्रयत्न आणि दहा यार्ड हे गणित पुष्कळदा त्यांच्या शाळकरी मुलांनीच शिकवलेलं असतं.

हिशेबाची दुसरी बाजू मांडल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. २०१० मध्ये २२.६ कोटी डॉलर खर्चून मैदानाच्या दोन्ही बाजूंना श्रीमंतांसाठी बंदिस्त कक्ष बांधले गेले. दूरचित्रवाणीचे करार अब्जावधींचे झाले. प्रशिक्षकांचे पगार राज्यपालांच्या कितीतरी पट झाले. आणि ज्यांच्यासाठी लोक येत होते त्या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची मुभा नव्हती. १ जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे जाहिरातीतून पैसे घेता येऊ लागले, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली. हे फार उशिरा झालं. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूवर होणारा परिणाम आता संशोधनातून पुढं आला आहे. त्यामुळे मुलाला सामना दाखवायला उत्सुक असलेले कित्येक पालक त्याला तो खेळू द्यायला तयार नसतात.

तरीही ७ सप्टेंबर २०१३ रोजी नोत्र दामविरुद्धच्या रात्रीच्या सामन्याला १,१५,१०९ माणसं जमली. योस्टच्या कर्जरोख्यांतून जी जागा उभी राहिली ती शंभर वर्षं पुरी करायच्या बेतात आहे, आणि तिथं नातवाला घेऊन येणारा आजोबा अजूनही सर्रास दिसतो. ही कमाई खेळाडूंच्या घामाची जितकी, तितकीच त्या कुटुंबांच्या निष्ठेची.

तुमची मुलं-नातवंडं ॲन आर्बर, कोलंबस, मॅडिसन अशा एखाद्या विद्यापीठाच्या गावात असतील आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान तिकडे जाणं झालं, तर एक शनिवार राखून ठेवा. महागड्या कक्षाचं तिकीट काढू नका. साध्या बाकावर बसा, उबदार कपडे घ्या आणि तासभर आधी पोहोचा, म्हणजे बँड बोगद्यातून धावत आत येताना पाहायला मिळेल. खेळ थांबेल तेव्हा लहानग्याला नियम सांगा, त्या तीस सेंटच्या जगची आणि वुल्व्हरीनची गोष्ट सांगा. आणि विलिस वॉर्डची गोष्टही सांगा. या मैदानात कुणाला बाहेर ठेवलं गेलं होतं, हे त्यालाही कळलं पाहिजे.